शिष्यवृत्ती आणि विद्यार्थी यांमधील अंतर

(महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी असलेल्या विशेष योजना व सवलती या विषयावर सोलापूर येथे शिक्षक, पंचायत सदस्य आणि अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना उपलब्ध असलेल्या विशेष योजना आणि सवलती, असा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय ऐकताच योजनांची लांबलचक यादी, तिच्यातील उत्पन्नाच्या मर्यादा आणि अर्जांचे नमुने आपल्या डोळ्यांसमोर उभे राहिले असतील. ती यादी मी सांगणारच आहे; माहिती देणे हे माझ्या खात्याचे कामच आहे. तथापि, यादी सांगून माझे काम संपत नाही. शासनाने योजना मंजूर करणे ही एक गोष्ट झाली आणि त्या योजनेचा पैसा, खोली किंवा पुस्तक गरजू विद्यार्थ्याच्या हाती वेळेवर पडणे ही दुसरी गोष्ट झाली. या दोहोंमध्ये जे अंतर राहते, ते तोडण्याचे काम मुंबईतून किंवा पुण्यातून होण्यासारखे नाही. ते आपल्या गावात, आपल्या शाळेत आणि आपल्या तालुक्याच्या कचेरीतच व्हावयाचे आहे. एवढे एकच म्हणणे मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

सोलापुरातील एक वसतिगृह

या विषयाला सोलापूरचा स्वतःचा इतिहास आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. त्या सभेच्या पहिल्या प्रत्यक्ष कामांपैकी एक काम सोलापुरात झाले. ४ जानेवारी १९२५ रोजी येथे अस्पृश्य समाजातील माध्यमिक शाळेच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडण्यात आले. मुलांच्या राहण्याजेवणाचा, कपड्यांचा आणि लेखनसाहित्याचा भार सभेने उचलला, आणि सोलापूरच्या नगरपालिकेने या वसतिगृहाला दरमहा ४० रुपयांचे अनुदान दिले.

या घटनेला आता शंभर वर्षे होऊन गेली आहेत. तिच्याकडे आपण आदराने पाहतोच. पण कार्यकर्त्याच्या दृष्टीने पाहिल्यास तीत तीन गोष्टी आढळतात. विद्यार्थ्याला केवळ शुल्काची माफी पुरत नाही, त्याला निवारा, अन्न, वस्त्र आणि वही लागते, हे त्या मंडळींनी ओळखले होते. मदत वर्षाच्या अखेरीस एकरकमी न देता दरमहा देण्यात आली होती, कारण भूक दरमहा नव्हे, दररोज लागते. आणि तिसरी गोष्ट अशी की, स्थानिक स्वराज्य संस्थेने आपल्या तिजोरीतून त्यात वाटा उचलला होता. आजच्या कोणत्याही योजनेची परीक्षा करावयाची झाल्यास या तीन कसोट्या पुरेशा आहेत.

दयेकडून हक्काकडे

त्यापूर्वी आणि त्यानंतरही महाराष्ट्रात या दिशेने पुष्कळ काम झाले. पूर्वी गरीब विद्यार्थी पुण्यासारख्या शहरात वार लावून जेवत असे किंवा माधुकरी मागून शिकत असे. त्या मार्गाने काहीजण विद्वान झाले हे खरे. परंतु तो मार्ग सर्व जातींना खुला नव्हता आणि मुलींना तर नव्हताच. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला, तेव्हा दयेच्या जागी व्यवस्था आली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू करून ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व महाविद्यालयीन शिक्षणात आणले. घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा करण्याचा त्यांचा मुष्टिफंड हा लोकवर्गणीचा अत्यंत साधा आणि तितकाच प्रभावी प्रकार होता. आपल्याच जिल्ह्यात बार्शी येथे कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी १९३४ मध्ये श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळ उभे केले आणि खेड्यातील मुलांना शिक्षणाची वाट करून दिली. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये स्थापन केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती खेड्यातून आलेल्या मुलामुलींना आजही निवास आणि भोजन देत आहे.

शासनाच्या बाजूने पाहता, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर यशवंतराव चव्हाण यांच्या कारकिर्दीत आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांतील मुलांना शुल्कमाफी मिळू लागली, ‘ई. बी. सी. सवलत’ या नावाने ती खेड्यापाड्यांत परिचित झाली. शिक्षणासाठी मदत मागणे ही याचना नसून तो नागरिकाचा हक्क आहे, हा विचार अशा रीतीने रुजला. आज या हक्काची व्याप्ती पुष्कळच वाढली आहे.

आजचा विद्यार्थी कोण आहे?

१ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले आणि एका जिल्ह्यापुरते स्वतंत्र विद्यापीठ आपल्याला मिळाले. २०१९ मध्ये त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. त्यापूर्वी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे कामासाठी जावे लागे. ते अंतर कमी झाले. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत आणि माळशिरसपासून दक्षिण सोलापूरपर्यंत अकरा तालुक्यांतील विद्यार्थी आता आपल्याच जिल्ह्याच्या विद्यापीठाचे आहेत.

या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आपल्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी प्रथमच चढत आहेत. सांगोला, मंगळवेढा या अवर्षणप्रवण भागातील शेतकऱ्याचा मुलगा त्यांत आहे. शहरातील यंत्रमाग कामगाराचा मुलगा आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस मोठ्या कापड गिरण्या बंद पडल्यानंतर ज्यांच्या घरची मिळकत अनिश्चित झाली, त्यांची नातवंडे आहेत. आणि विडी वळणाऱ्या हजारो मातांच्या मुली आहेत. सोलापुरात घरी मराठी, तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारी मुले एकाच वर्गात शेजारी बसतात. घरची भाषा एक, शाळेची दुसरी आणि महाविद्यालयातील पुस्तकाची तिसरी, अशी यातील कित्येकांची स्थिती असते.

केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये १८ ते २३ वर्षे वयोगटाच्या संदर्भात उच्च शिक्षणातील नोंदणीचे ढोबळ प्रमाण देशात २८.४ टक्के आणि महाराष्ट्रात ३५.३ टक्के होते. देशाच्या मानाने आपण पुढे आहोत ही समाधानाची बाब होय. परंतु त्याच आकड्याचा दुसरा अर्थ असाही आहे की, या वयाच्या तरुणांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश अद्याप महाविद्यालयाच्या दाराबाहेर आहेत.

योजनांची ओळख

आता मुख्य योजनांकडे वळू. त्यांचे गट करून पाहिल्यास त्या ध्यानात ठेवणे सोपे जाते.

पहिला गट शुल्काचा. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागास वर्ग आणि विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती किंवा शुल्क प्रतिपूर्ती आहे. अनुसूचित जातींच्या केंद्रीय शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. खुल्या प्रवर्गातील अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. तिची मर्यादा आठ लाख रुपये आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांत पूर्ण सवलत देण्याचा निर्णय शासनाने घेतला. हा निर्णय मोठा आहे. मात्र त्यात शिक्षण व परीक्षा शुल्कच येते. खोलीभाडे, खाणावळ आणि प्रवास येत नाही, ही गोष्ट पालकांना आधीच स्पष्ट करून सांगितली पाहिजे. अन्यथा ‘सर्व मोफत आहे’ अशा समजुतीने पाठविलेली मुलगी दिवाळीला परत येते, ती पुन्हा जात नाही.

दुसरा गट निवासाचा. समाजकल्याण, आदिवासी विकास आणि इतर मागास बहुजन कल्याण या विभागांची वसतिगृहे आहेत. ज्यांना तेथे जागा मिळत नाही, अशा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तीत भोजन, निवास आणि निर्वाह यांसाठी रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना त्याच धर्तीवर आहे. इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना नंतर आली. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांना व्यावसायिक शिक्षणासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा लाभ मिळतो.

तिसरा गट सोलापूरच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. विडी कामगारांच्या कल्याणासाठी संसदेने १९७६ मध्ये निधीचा कायदा केला. केंद्रीय श्रम मंत्रालयाकडून नोंदणीकृत विडी कामगारांच्या मुलांना पहिलीपासून व्यावसायिक पदवीपर्यंत शैक्षणिक साहाय्य मिळते. इयत्तेनुसार त्याचे प्रमाण वर्षाला १,००० रुपयांपासून २५,००० रुपयांपर्यंत आहे. आई किंवा वडील किमान सहा महिने विडीच्या कामावर असणे आणि त्यांच्याजवळ ओळखपत्र असणे आवश्यक असते. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. राज्याच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज ‘महाडीबीटी’ या संकेतस्थळावर भरावयाचे असतात, तर विडी कामगारांच्या मुलांचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर भरावा लागतो. दोन्हींच्या मुदती आणि अटी वेगवेगळ्या आहेत. विद्यार्थ्याने दोन्ही वाचून, आपल्याला कोणती अधिक उपयोगी आहे याची निवड करावयास हवी, आणि त्या निवडीत त्याला कोणीतरी जाणत्याने मदत करावयास हवी.

चौथा गट छोट्या पण नित्याच्या सवलतींचा. एस. टी.चा विद्यार्थी पास सवलतीच्या दरात मिळतो. बारावीपर्यंतच्या मुलींना तो अहिल्याबाई होळकर योजनेखाली विनामूल्य मिळतो आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्म्या तिकिटाची सवलत आहे. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी २०१६ च्या कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखून ठेवल्या आहेत आणि प्रवेशाच्या कमाल वयात पाच वर्षांची सूट दिली आहे. विद्यापीठाच्या आणि महाविद्यालयांच्या पातळीवर ‘कमवा व शिका’ योजना आहे, विद्यार्थी विकास विभाग आहे आणि राष्ट्रीय सेवा योजना आहे.

अंतर कोठे पडते?

इतक्या योजना असताना विद्यार्थी अडतो कोठे, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. माझ्या मते तो तीन ठिकाणी अडतो.

पहिली अडचण माहितीची. कुंभारीच्या विडी घरकुलात किंवा जानेवारी २०२४ मध्ये ज्या रे नगरातील पहिल्या पंधरा हजार घरांचे वाटप झाले, तेथे राहणारी एखादी मुलगी बारावी उत्तीर्ण झाली असे समजा. घरात महाविद्यालय पाहिलेले कोणी नाही. आई सकाळी तंबाखू आणि पाने घेऊन बसते ती संध्याकाळपर्यंत उठत नाही. त्या मुलीला अर्जाची शेवटची तारीख कोण सांगणार? सुशिक्षित घरातील मुलाला ही माहिती जेवताना मिळते. तिला ती कोणीतरी जाऊन द्यावी लागते.

दुसरी अडचण कागदाची. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवासाचा दाखला, लागू असल्यास नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, आधारशी जोडलेले बँक खाते, अशी ही कागदांची माळ आहे. तिच्यातील एक मणी गळला की माळ तुटते. जातीच्या दाखल्यासाठी विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागास वर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा राज्यातील वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. विणकामाच्या निमित्ताने पिढ्यांपूर्वी तेलंगणातून येथे आलेल्या घरांत किंवा पालावर जन्मलेल्या माणसांच्या घरात असा कागद कोठून सापडणार? बहुधा तो एकाच ठिकाणी असतो: आजोबा ज्या शाळेत दोन-चार इयत्ता शिकले, त्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये. मुख्याध्यापकांच्या कपाटातील ते जीर्ण रजिस्टर म्हणजे एखाद्या मुलीचा प्रवेशच होय, ही गोष्ट शिक्षकबंधूंनी ध्यानात घ्यावी अशी माझी विनंती आहे. त्या रजिस्टरांना वाळवी लागली तर केवळ कागद नष्ट होत नाही.

तिसरी अडचण वेळेची, आणि तीच सर्वांत कठीण आहे. महाविद्यालय जून-जुलैत सुरू होते. अर्ज भरणे, महाविद्यालयाने तो तपासणे, विभागाने मंजूर करणे आणि कोषागारातून रक्कम खात्यात जमा होणे, या साऱ्या पायऱ्या ओलांडेपर्यंत पुष्कळदा पहिली सहामाही उलटून जाते. खोलीचे भाडे आणि खाणावळीचे पैसे मात्र पहिल्याच महिन्यात द्यावे लागतात. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत २०२१-२२ पासून केंद्राचा साठ टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येऊ लागला. त्यामुळे आलेल्या रकमेतून महाविद्यालयाचे शुल्क किती भरावयाचे आणि स्वतःच्या निर्वाहासाठी किती ठेवावयाचे, हे समजावून सांगण्याची एक नवी गरज निर्माण झाली. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या चाळीस रुपयांमागील ‘दरमहा’ या शब्दाचे महत्त्व येथे कळून येते.

इतरांकडून घ्यावयाचा धडा

हा प्रश्न केवळ आपल्यापुरता नाही. अमेरिकेत १९०१ मध्ये जोलिएट या गावी स्थानिक गरजांसाठी दोन वर्षांचे महाविद्यालय निघाले आणि पुढे अशी समुदाय महाविद्यालये तेथे सर्वत्र पसरली. कामगारांची, स्थलांतरितांची आणि नोकरी करून शिकणारी मुले तेथे शिकतात. कॅलिफोर्निया राज्याने १९६९ मध्ये या महाविद्यालयांतील दुर्बल परिस्थितीतील विद्यार्थ्यांसाठी विशेष कार्यक्रम सुरू केला. त्यात आर्थिक साहाय्याबरोबर पुस्तकांची व्यवस्था, अभ्यासात मदत आणि विद्यार्थ्याची वैयक्तिक विचारपूस करणारा मार्गदर्शक यांचाही समावेश करण्यात आला. पैसा आणि माणूस या दोन्हींची जोड असावी लागते, हा त्यातील धडा आहे.

भारतातही ही कल्पना रुजली. पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये समुदाय महाविद्यालय काढले. विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेत अशा महाविद्यालयांना साहाय्य देण्याची योजना आखली. महाराष्ट्राने तर त्याही आधी याच दिशेने पावले टाकली होती. १९६७ मध्ये मुंबईत श्रमिक विद्यापीठ निघाले, आणि १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. मागावर किंवा शेतात काम करून शिकू इच्छिणाऱ्याला, संसाराला लागलेल्या स्त्रीला मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रामुळे गावाजवळच शिक्षण घेता आले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका आणि तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडण्याची, तसेच पुन्हा परत येण्याची मुभा ठेवण्यात आली आहे. ज्याला घरच्या अडचणीमुळे शिक्षण मध्येच थांबवावे लागते, त्याचे शिकलेले वर्ष त्यामुळे वाया जाऊ नये अशी ही योजना आहे. परंतु परत येण्याची वाट खुली आहे हे त्या विद्यार्थ्याला सांगणारे कोणी नसेल, तर मध्येच थांबणे म्हणजे कायमचे थांबणे ठरेल.

प्रत्येकाने काय करावे?

आता कामाकडे येऊ. पंचायत सदस्यांनी आपल्या गावातील दहावी, बारावी आणि महाविद्यालयात असलेल्या मुलामुलींची एक वही करावी. कोण कोठे शिकतो, कोणत्या योजनेस पात्र आहे आणि कोणता कागद नाही, एवढे तीन रकाने पुरेत. ही वही दर ग्रामसभेत वाचली जावी. कोणाच्या गरिबीची चर्चा न करता, केवळ कोणाचे काम कोठे अडले आहे एवढेच पाहिले जावे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकांसाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च करावयाचा असतो. या तरतुदींतून नियमांत बसेल तेवढे साहाय्य, उदाहरणार्थ पुस्तके किंवा अभ्यासिका, शिक्षणाकडे वळविता येईल. जे नियमांत बसत नाही, त्यासाठी लोकवर्गणी आहे. पहिल्या तीन-चार महिन्यांचा खाणावळीचा खर्च विद्यार्थ्यास उसना द्यावा आणि शिष्यवृत्ती आल्यावर त्याने तो परत करावा, असा छोटा गावनिधी उभा करणे अवघड नाही. मुष्टिफंडाची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला हे नवीनही नाही.

माध्यमिक व कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षकांनी कागदांचे काम निकालाची वाट न पाहता एप्रिल-मे महिन्यातच हाती घ्यावे. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते, त्यामुळे उत्पन्नाचा ताजा दाखला त्यानंतर लगेच काढता येतो. सुट्टीत कचेरीतील गर्दीही प्रवेशाच्या दिवसांइतकी नसते. जुन्या रजिस्टरांची नीट बांधणी करून घ्यावी आणि मागणाऱ्यास उतारा विनाविलंब द्यावा.

महाविद्यालयांनी शिष्यवृत्तीचे काम एखाद्या लिपिकाच्या टेबलावरील अनेक कामांपैकी एक असे न समजता, त्यासाठी एका प्राध्यापकाला जबाबदार धरावे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची जुलैअखेर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा विचारपूस व्हावी. दिवाळीच्या सुट्टीनंतर जो परत आला नाही, त्याच्या घरी एक पत्र किंवा एक माणूस जावा. राष्ट्रीय सेवा योजनेची सुरुवात २४ सप्टेंबर १९६९ रोजी झाली. तिच्यातील प्रत्येक स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास सेवा द्यावयाची असते. त्यातील काही तास विडी वसाहतींत आणि वाड्यावस्त्यांवर जाऊन अर्ज भरून देण्यासाठी राखून ठेवल्यास, समाजसेवेचे याहून सार्थ काम कोणते असेल? तेलुगू किंवा कन्नड बोलणारा स्वयंसेवक त्या घरात गेला, तर अर्धे काम तेथेच झाले असे समजावे.

अधिकारी मित्रांना मी अधिक काय सांगावे? लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ ने ठराविक मुदतीत दाखला देण्याचे बंधन आपल्यावर घातले आहेच. परंतु कायद्याची मुदत पाळणे आणि विद्यार्थ्याच्या प्रवेशाची तारीख पाळणे यांत फरक आहे. एस. टी. महामंडळाने जून २०२४ मध्ये विद्यार्थ्यांना पाससाठी बसस्थानकावर रांग लावण्यास न लावता शाळा-महाविद्यालयांतच पास पोहोचविण्याचा उपक्रम हाती घेतला. जे पासाचे झाले, ते दाखल्यांचेही होऊ शकेल. तालुक्यातील प्रत्येक मोठ्या महाविद्यालयात वर्षातून दोन दिवस तहसील कार्यालय, समाजकल्याण विभाग आणि बँक यांनी एकत्र बसावे, एवढे केले तरी कित्येक खेपा वाचतील. खेड्यातील मजुराची एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी असते.

दोन आक्षेप

या विषयावर बोलताना दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. एक असा की, इतक्या सवलतींमुळे विद्यार्थी परावलंबी होतात. कर्मवीरांनी त्याचे उत्तर कृतीने दिले आहे. त्यांच्या वसतिगृहातील मुले श्रम करीत आणि शिकत. मदत आणि स्वावलंबन यांत त्यांना विरोध दिसला नाही. मात्र आजच्या ‘कमवा व शिका’ योजनेत विद्यार्थ्याला मिळणारे काम त्याच्या शिक्षणाशी जोडलेले असावे आणि त्याचा मोबदला दरमहा मिळावा, याकडे महाविद्यालयांनी लक्ष पुरविले पाहिजे. मोबदला थकला, तर त्या तत्त्वाचाच पराभव होतो.

दुसरा आक्षेप असा की, पदवी घेऊन नोकरी मिळत नाही, मग हा खटाटोप कशासाठी? हा प्रश्न पालक विचारतात आणि तो खोटा नाही. म्हणूनच पदवीबरोबर कौशल्याचा विचार करावयास हवा. सोलापूर हे वस्त्रोद्योगाचे शहर आहे. चादर आणि टॉवेल यांचा व्यापार दूरवर चालतो. आपले डाळिंब प्रसिद्ध आहे. पंढरपूर, अक्कलकोट येथे वर्षभर यात्रेकरू येतात. रंगकाम, नक्षी, हिशेब, फळप्रक्रिया, प्रवासी सेवा यांचे छोटे अभ्यासक्रम आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील विद्यावेतनासह प्रशिक्षण यांचा मेळ घातल्यास पदवीला पाय फुटतील. तरीही शिक्षणाचे मोल केवळ नोकरीत मोजू नये. शिकलेली मुलगी दाखला स्वतः वाचते, आईच्या ओळखपत्रावरील चूक तिच्या ध्यानात येते आणि धाकट्या भावाचा अर्ज ती स्वतः भरते. पुढच्या पिढीला माहिती देणारे माणूस घरातच तयार होते.

समारोप

मित्रहो, शासनाची योजना कागदावर परिपूर्ण असू शकते. ती विद्यार्थ्याच्या हाती पोहोचविण्याचे काम मात्र माणसांचेच आहे. १९२५ मध्ये या शहराच्या नगरपालिकेने दरमहा चाळीस रुपये देण्याचा ठराव केला, तेव्हा तिच्यापुढे संकेतस्थळ नव्हते की संगणक नव्हता. आपल्या गावातील मुले शिकली पाहिजेत एवढी जाणीव होती. आज साधने शतपटींनी वाढली आहेत. तेव्हा येत्या ग्रामसभेत त्या वहीचे पहिले पान लिहिले जावे, येत्या एप्रिलमध्ये प्रत्येक शाळेत दाखल्यांचे काम सुरू व्हावे, आणि येत्या दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातील एकही महाविद्यालयीन मुलगी केवळ कागद किंवा खाणावळीचे पैसे नाहीत म्हणून घरी राहू नये, एवढी जबाबदारी आपण सर्वांनी मिळून घ्यावी, अशी विनंती करतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!